पोट मऊ, कळ मात्र असह्य : पोटातल्या धमनीचं अस्तर उसवतं तेव्हा

काही वर्षांपूर्वी, उसाचा हंगाम ऐन भरात असताना, रात्री दोनच्या सुमारास एक ट्रॅक्टरचालक माझ्या दवाखान्यात आले. वय पन्नाशीच्या आतबाहेर. जेवून झोपले होते आणि झोपेतून कळेनंच उठवलं. बेंबीच्या वर, मधोमध, थेट पाठीत निघणारी कळ. घरच्यांनी आधी ओवा दिला, मग शेजारच्या आजीकडून बेंबी बसवून घेतली, पोटाला तेल चोळलं. "साहेब, आतून कुणीतरी सुरी फिरवायलंय," ते म्हणाले. मी पोट दाबून पाहिलं तर कापसासारखं मऊ. आम्लपित्ताचं आणि मुरड्याचं इंजेक्शन दिलं, सलाईन लावलं, पहाटे घरी पाठवलं. संध्याकाळी ते परत आले. सोनोग्राफीत "गॅसमुळे स्पष्ट दिसत नाही" असं आलं. मी चिठ्ठीवर नुसतं "पोटाचा सीटी" लिहिलं, साधा सीटी झाला, तोही नॉर्मल. निदान लागलं ते तिसऱ्या दिवशी, शिरेतून डाय (रक्तवाहिन्या उठून दिसाव्यात म्हणून देतात ते द्रव्य) देऊन पुन्हा सीटी केल्यावर. आतड्याला रक्त नेणाऱ्या मुख्य धमनीचं आतलं अस्तर उसवलेलं होतं.

ते वाचले. पण ते दोन दिवस माझ्यामुळे वाया गेले, हे मी विसरलेलो नाही. हा लेख तालुक्याच्या ठिकाणी रात्री एकटं बसून पेशंट पाहणाऱ्या डॉक्टरांसाठी आहे आणि पेशंटला घेऊन गाडीत बसलेल्या घरच्यांसाठीही.

आत नेमकं काय होतं

धमनीच्या भिंतीला तीन पदर असतात. आतलं गुळगुळीत अस्तर, मधला स्नायूंचा जाड पदर आणि बाहेरचं वेष्टण. अस्तराला कुठेतरी चीर पडते, रक्त त्या चिरेतून आत घुसतं आणि गोधडीचा टाका निसटला की पदर सुटत जावा तसं अस्तर पुढे पुढे उसवत जातं. रक्ताला दोन वाटा होतात. एक खरी, एक खोटी. वैद्यकीय भाषेत याला डिसेक्शन म्हणतात. छातीतल्या महाधमनीचं डिसेक्शन बऱ्याच जणांनी ऐकलेलं असतं. महाधमनी शाबूत असताना फक्त पोटातल्या एखाद्या फांदीलाच असं होतं, तेव्हा ते ओळखणं अवघड जातं, कारण ते कुणाच्या मनातच येत नाही. असा रुग्ण वैद्यकीय साहित्यात पहिल्यांदा १९४७ साली नोंदला गेला. सीटी स्कॅन घरोघरचा शब्द झाल्यापासून हे जास्त सापडू लागलं.

पोटात सर्वांत जास्त फटका बसतो तो सुपीरियर मेसेंटेरिक धमनीला, म्हणजे लहान आतडं आणि मोठ्या आतड्याचा अर्धाअधिक भाग पोसणाऱ्या नळीला. त्याखालोखाल सीलिएक धमनीला, जिच्यावर जठर, यकृत आणि प्लीहा जगतात. मेसेंटेरिक धमनीत चीर बहुतेक वेळा उगमापासून दीड ते तीन सेंटिमीटरवर पडते. तिथपर्यंत धमनी स्वादुपिंडामागे घट्ट बसलेली असते आणि तिथून पुढे ती आतड्याबरोबर मोकळी हलते. स्थिर भाग आणि हलता भाग जिथे भेटतो, तिथे वळणावर रक्ताचा ताण भिंतीवर येतो.

पुढे तीन गोष्टी होऊ शकतात. खोटी वाट फुगून खरीला दाबते आणि आतड्याचं रक्त तुटतं. किंवा खोट्या वाटेत रक्त गोठतं आणि महिन्या-वर्षात भिंत आपोआप सांधते. किंवा बाहेरचा पातळ पदर फुग्यासारखा फुगतो आणि क्वचित फुटतो. सुदैवाने दुसरी शक्यता जास्त दिसते. उपचाराचं सगळं गणित त्यावर बेतलेलं आहे.

हे बहुतांशी पन्नाशी-साठीतल्या पुरुषांना होतं. विडी-सिगारेट आणि वाढलेला रक्तदाब ही नेहमीची सोबत. पण रक्तदाब नॉर्मल, व्यसन नाही, अशांनाही होतं, म्हणून "याला कशाला होईल" असं म्हणून पान उलटू नये.

पहिला तास

घरच्यांनी एवढंच लक्षात ठेवावं : अचानक सुरू झालेली, काही मिनिटांत कळसाला गेलेली, पाठीत जाणारी पोटदुखी दोन तासांत उतरली नाही तर ती वायगोळा नाही असं धरून चालायचं. दरदरून घाम, चक्कर, छातीत दुखणं, काळी किंवा रक्ताची शौच, यातलं काही असेल तर दोन तासही थांबायचं नाही. पोट चोळू नका, बेंबी बसवायला नेऊ नका, बिब्ब्याचा चटका तर मुळीच नको. तोंडाने सोडा, ताक, चहा काही देऊ नका. १०८ ला फोन लावा. गाडी यायला वेळ लागणार असेल तर गावातली जीप काढा. जाताना जुन्या गोळ्यांची पिशवी आणि आधीचे रिपोर्ट सोबत घ्या. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर ते पहिल्याच वाक्यात सांगा.

आता दवाखान्यातलं. पहिली गोष्ट ईसीजी. हृदयाच्या खालच्या भागाचा झटका पोटदुखीचं सोंग घेऊन येतो, हे आपल्याकडे सगळ्यांनी पाहिलंय. दुसरी गोष्ट, दोन्ही हातांचा रक्तदाब आणि दोन्ही मांड्यांतली नाडी. हातांमधला फरक २० मिलिमीटरपेक्षा जास्त असेल तर महाधमनीचा विचार आधी करायचा. तिसरी, नाडी नियमित आहे का. अनियमित असेल, किंवा लहानपणी सांधेवाताचा ताप येऊन झडप खराब झाल्याचा इतिहास असेल, तर हृदयातली गुठळी आतड्याच्या धमनीत जाऊन अडकलेली असू शकते. त्याचा उपचार वेगळा आणि घाई कितीतरी जास्त.

मग पोटावर हात ठेवा. या आजाराची खूण हाताला लागते ती उलटीच : माणूस तळमळतोय आणि पोट मात्र मऊ. दुखणं आणि पोट यांचा हिशेब जुळत नसेल तर "नाटकी पेशंट" हा शेरा मनातही येऊ देऊ नका. रक्तवाहिनीचं दुखणं असंच असतं. पोट लाकडासारखं घट्ट झालं की खूप उशीर झालेला असतो.

दुखणं कमी करायला घाबरू नका. वेदनाशामक दिलं की निदान झाकलं जातं ही जुनी समजूत आहे, ती सोडून द्यायला हवी. शिरेतून पॅरासिटामॉल आणि गरजेप्रमाणे ट्रॅमाडॉल किंवा मॉर्फिनच्या वर्गातलं औषध द्या. डायक्लोफेनॅकचं इंजेक्शन आपल्याकडे हाताच्या सवयीने दिलं जातं. इथे ते टाळलेलं बरं, कारण लवकरच डाय द्यायचा आहे आणि किडनी सांभाळायची आहे. आणि योग्य मात्रेनंतरही तासाभरात दुखणं तसंच राहिलं, तर ती स्वतःच एक खूण समजा.

रक्ततपासण्या आणि सोनोग्राफी

रक्ताचा काउंट, किडनीसाठी क्रिएटिनिन, स्वादुपिंडासाठी अमायलेज-लायपेज आणि सोय असेल तर लॅक्टेट (रक्त कमी पडलेल्या भागातून वाढणारं आम्ल). यातलं सगळं नॉर्मल आलं म्हणून डिसेक्शन नाही असं होत नाही. सुरुवातीच्या तासांत बरेचदा सगळं नॉर्मलच असतं. लॅक्टेट वाढतं तेव्हा आतडं आधीच अडचणीत आलेलं असतं. अमायलेज थोडंसं वाढलेलं दिसलं की "पॅन्क्रियाटायटिस" लिहून मोकळं होऊ नका. आतड्याला रक्त कमी पडलं तरी ते थोडं वाढतं. स्वादुपिंडाची सूज म्हणायला लायपेज किंवा अमायलेज कमाल मर्यादेच्या तिपटीच्या वर लागतं.

उभं राहून छातीचा एक्स-रे काढा. श्वासपटलाखाली हवा दिसली तर अल्सर किंवा आतडं फुटलंय आणि वाट सर्जनकडे जाते. सोनोग्राफी पित्ताशयातले खडे दाखवेल, मूत्रपिंडाची सूज दाखवेल. कुशल हात असेल तर डॉप्लरवर (रक्तप्रवाह दाखवणाऱ्या सोनोग्राफीत) धमनीतला उसवलेल्या अस्तराचा हलणारा पडदाही दिसतो. पण गॅसने भरलेल्या पोटात तो दिसेलच असं नाही. नॉर्मल सोनोग्राफीवर समाधान मानणं ही या आजारातली सर्वांत सामान्य चूक आहे, आणि मी ती केली आहे.

सीटी अँजिओ मागवताना चिठ्ठीवर काय लिहायचं

सीटी अँजिओ म्हणजे डाय देऊन धमन्यांची छायाचित्रं घेणारा सीटी. या भागावर मी जास्त वेळ देणार आहे, कारण निदान इथेच लागतं किंवा इथेच हुकतं.

"सीटी अॅब्डोमेन" एवढंच लिहिलं तर अनेकदा साधा सीटी होतो, किंवा डाय देऊन फक्त शिरांच्या टप्प्यातली (डाय धमन्यांतून पुढे गेल्यानंतरची) छायाचित्रं निघतात. त्यात खडा दिसेल, अपेंडिक्स दिसेल, धमनीतला पडदा निसटेल. चिठ्ठीवर असं लिहा : "अचानक तीव्र पोटदुखी, पोट मऊ. मेसेंटेरिक धमनीचं डिसेक्शन किंवा अडथळ्याचा संशय. पोट आणि ओटीपोटाची सीटी अँजिओग्राफी, साधा, धमनीचा आणि शिरेचा असे तिन्ही टप्पे, पातळ स्लाइस." पाठ किंवा छाती दुखत असेल तर छातीही त्यातच घ्यायला सांगा.

साधा टप्पा कशासाठी? भिंतीत नुकतंच गोठलेलं रक्त डाय देण्याआधी पांढुरक्या चंद्रकोरीसारखं दिसतं. धमनीच्या टप्प्यात पडदा आणि दोन वाटा दिसतात. शिरेच्या टप्प्यात आतड्याची भिंत रंग घेते की नाही हे कळतं आणि तेच सर्जनला हवं असतं. पेशंटला पिण्याचा पांढरा डाय देऊ नका. त्याने धमन्या झाकल्या जातात आणि वेळही जातो.

एक छोटी गोष्ट, पण तिच्यामुळे तपासणी फुकट गेलेली मी पाहिली आहे. डाय सेकंदाला चार-पाच मिलिलिटर वेगाने जायला हवा. हाताच्या मागे लावलेल्या निळ्या, बारीक व्हेनफ्लॉनमधून (शिरेत लावायच्या सुईनळीतून) तो जात नाही. तालुक्यातून पाठवतानाच कोपराच्या खळीत हिरवी, नाहीतर निदान गुलाबी लावून पाठवा. अंतर लांब आहे, पेशंटच्या शिरा रस्त्यात आकसतात आणि रात्री तीन वाजता सीटीच्या टेबलावर शीर शोधत बसणं कुणालाच नको असतं.

क्रिएटिनिनची वाट पाहायची का? आतडं धोक्यात असल्याचा संशय असेल तर नाही. किडनीचा धोका सांभाळता येतो, सडलेलं आतडं परत मिळत नाही. मधुमेहाची मेटफॉर्मिन चालू असेल आणि किडनी बरीच कमजोर असेल तर ती थांबवून ४८ तासांनी किडनी तपासून पुन्हा सुरू करा.

आपल्याकडे मशीन आहे, पण रात्री ते वाचणारा रेडिओलॉजिस्ट जवळ असेलच असं नाही. अशा वेळी नुसती फिल्म घेऊन निघू नका. मूळ डायकॉम फाइल सीडीवर किंवा पेनड्राइव्हवर घ्या. मेसेंटेरिक धमनी बाजूच्या छेदात सर्वांत छान दिसते. ती प्रतिमा सरकवत फोनवर व्हिडिओ काढून पाठवला तरी दूरचा तज्ज्ञ बरंच सांगू शकतो.

रिपोर्टमध्ये काय शोधायचं

रिपोर्टमध्ये "डिसेक्शन" शब्द आला म्हणून पुरत नाही. पाच प्रश्न विचारा. चीर उगमापासून किती अंतरावर आहे आणि उसवण किती लांब गेली आहे? खरी वाट किती दबली आहे? खोट्या वाटेत रक्त वाहतंय की गोठलंय, आणि वाहत असेल तर पुढे परत खऱ्या वाटेला मिळतंय का? धमनी कुठे फुगली आहे का? आणि सर्वांत महत्त्वाचं, आतड्याची भिंत कशी आहे : रंग घेतेय, सुजलीय, की तिच्यात हवा शिरली आहे?

यांच्या आधारे प्रकार पाडतात. २००७ साली साकामोटो यांनी आणि २००९ साली युन यांनी केलेली वर्गवारी रिपोर्टमध्ये भेटते. युन यांच्या पद्धतीत दोन्ही वाटा वाहत्या आणि पुढे परत मिळणाऱ्या असतील तर पहिला प्रकार. खोटी वाट आंधळ्या पिशवीसारखी किंवा गोठलेली असेल तर दुसरा. धमनीच बंद पडली असेल तर तिसरा. आकडा लक्षात ठेवा, पण निर्णय आकड्यावर घेऊ नका. चित्र भयंकर दिसत असूनही दुसऱ्या दिवशी पेज मागणारे पेशंट असतात. निर्णय पोट आणि आतड्यावरून होतो.

चाळिशीच्या आतला पेशंट असेल, एकाहून जास्त धमन्या बिघडलेल्या असतील, किंवा घरात कुणी तरुणपणी अचानक गेलं असेल, तर मागे दुसरा आजार शोधायला हवा. फायब्रोमस्क्युलर डिस्प्लेझिया (धमनीच्या भिंतीची सदोष वाढ), रक्तवाहिन्यांचा दाह, किंवा शरीराच्या जोडऊती जन्मतःच कमकुवत असणारे मार्फान आणि एहलर्स-डॅनलॉसचा रक्तवाहिन्यांचा प्रकार. शेवटच्यात धमन्या ओल्या कागदासारख्या असतात. कॅथेटर घालण्याआधी हा विचार झालेला असावा.

उपचार : कुणाला थांबवायचं, कुणाला हलवायचं

पोट घट्ट झालं आहे, रक्तदाब पडतोय, रक्ताची शौच आहे, लॅक्टेट चढतंय, सीटीत आतडं रंग घेत नाही किंवा धमनी फुटल्याच्या खुणा आहेत, तर एक मिनिटही विचार करत बसू नका. आतड्याचं रक्त पूर्ण तुटलं तर साधारण सहा तासांत हानी न भरून येणारी होऊ शकते. अशा पेशंटला सर्जन आणि कॅथलॅब (तार घालून धमनीच्या आतून काम करायची सोय) दोन्ही असतील तिथेच न्यायचं. मधल्या एखाद्या रुग्णालयात "जरा स्थिर करून" पुढे जाऊ, यात रात्र निघून जाते. किनवट-माहूरकडून नांदेड, भूम-परांड्याकडून बार्शी-सोलापूर, उदगीर-देगलूरकडून हैदराबाद, जिथे फोनवर "हो, आणा" असं उत्तर मिळेल तिथे. आधी फोन, मग गाडी. संभाजीनगरची घाटी, अंबाजोगाई, लातूर आणि नांदेड इथली शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आपल्या भागात आहेत, पण त्या रात्री रक्तवाहिन्यांचं काम करणारं कोण हजर आहे हे विचारूनच दिशा ठरवा. महात्मा फुले जनआरोग्य योजनेतलं रुग्णालय असेल तर रेशन कार्ड आणि आधार सोबत असू द्या आणि पोहोचल्याबरोबर आरोग्यमित्राला गाठा.

बाकी बहुतेकांना शस्त्रक्रिया लागत नाही. ट्रॅक्टरवाल्या मामांनाही लागली नाही. त्यांना चार दिवस तोंडाने काही दिलं नाही, शिरेतून पाणी, वेदनाशामक, रक्तदाबावर नजर. घरच्यांना हे पटवणं सर्वांत अवघड गेलं. "एवढा मोठा आजार आणि नुसतं सलाईन?" असं त्यांचा मुलगा विचारत होता. पण त्या सलाईनमागे दर दोन-तीन तासांनी पोटावर ठेवलेला हात होता. तो ठेवायची तयारी नसेल तर पेशंट ठेवून घेऊ नये.

रक्तदाबाचा वरचा आकडा साधारण १३० च्या आसपास आणायचा, शक्यतो बीटा-ब्लॉकरच्या वर्गातल्या औषधाने, कारण धमनीच्या भिंतीवरचा धक्का त्याने कमी होतो. खूप खाली ओढायचा नाही. दबलेल्या धमनीतून आतड्यापर्यंत रक्त पोहोचायला दाब लागतोच. रक्त पातळ करणारी औषधं द्यावीत का, यावर तज्ज्ञांत एकमत नाही. खरी वाट अरुंद आहे आणि गुठळीचा धोका आहे तिथे हेपारिन किंवा अॅस्पिरिनचा विचार होतो. धमनी फुगली आहे किंवा रक्तस्रावाची शंका आहे तिथे हात आखडता घ्यावा. हे ठरवण्याचं काम पेशंटसमोर बसलेल्या तज्ज्ञाचं आहे. घरच्यांनी मनाने अॅस्पिरिन सुरू करू नये, आणि सुरू असलेली बंदही करू नये.

थांबून पाहतानाही कळ उतरत नसेल, खाल्ल्यावर परत उठत असेल, पुन्हा केलेल्या सीटीत खरी वाट आणखी दबलेली किंवा फुगा वाढलेला दिसत असेल, तर मांडीतून किंवा हातातून तार घालून स्टेंट (जाळीची नळी) बसवतात. आतून आपोआप उघडणारा स्टेंट अस्तराला भिंतीशी दाबून धरतो. फुग्यासाठी कापडी आवरणाचा स्टेंट किंवा कॉइल (फुग्यात भरायची बारीक तारेची गुंडाळी) वापरतात. पोट उघडायची वेळ येते ती आतडं सडलं असेल, धमनी फुटली असेल किंवा तार जाऊच शकत नसेल तेव्हा. सडलेला भाग काढल्यावर २४ ते ४८ तासांनी पुन्हा पोट उघडून पाहायचं ठरवलेलं असू शकतं. आधीचं ऑपरेशन चुकलं म्हणून ते केलं जात नाही, हे नातेवाइकांना आधीच सांगून ठेवा.

कळ पूर्ण थांबली की घोट घोट पाणी, मग तांदळाची पेज, मग मऊ वरण-भात. भाकरी-ठेचा आणि काळ्या रश्श्याचं मटण मागे मागे. थोडं थोडं, दिवसातून पाच-सहा वेळा.

बाजूला दुखतं तेव्हा

किडनीच्या धमनीचंही असंच अस्तर उसवतं. कमरेच्या वर एका बाजूला कळ, उलटी, लघवीत रक्त, आणि रक्तदाब एकदम चढलेला. आपल्याकडे उन्हाळ्यात मुतखड्याचे पेशंट इतके येतात की याला खडाच म्हटलं जातं. साधा सीटी होतो, खडा सापडत नाही आणि "खडा पडून गेला असेल" असं सांगून पाठवतात. खडा नाही, किडनी सुजलेली नाही, पण दुखणं चालूच आहे आणि एलडीएच (पेशी मेल्या की रक्तात वाढणारं द्रव्य) बरंच वाढलंय, तर डाय देऊन सीटी अँजिओ करा. किडनीचा एक तुकडा रक्ताविना काळा पडलेला दिसेल. नवा रक्तदाब घेऊन आलेल्या तरुण बाईंच्या बाबतीत हे विशेष लक्षात ठेवा.

घरी गेल्यावर

पहिला सीटी साधारण महिन्याभरात, मग तीन ते सहा महिन्यांनी, मग वर्षाने, आणि धमनी फुगलेली असेल तर त्यापुढेही दरवर्षी. बरं वाटतंय म्हणून हे चुकवू नका. फुगा दुखत नाही. रक्तदाब घरी किंवा आशाताईंकडून आठवड्यातून दोनदा मोजून वहीत लिहा आणि ती वही प्रत्येक भेटीला आणा.

विडी-सिगारेट त्याच दिवशी बंद. तंबाखू-चुन्याचा आणि या आजाराचा थेट संबंध धुराइतका पक्का नाही, पण निकोटिनने नाडी आणि दाब चढतो हे पक्कं आहे, म्हणून मी तीही सोडायला सांगतो. सोयाबीनचे कट्टे, उसाची मोळी, विहिरीतली मोटार ओढणं असली जड कामं निदान दोन महिने नकोत. हा काळ मी माझ्या समजुतीने सांगतो. ऊसतोडीला जाणाऱ्या माणसाला हे सांगणं म्हणजे हंगामाची उचल फेडायची कशी हा प्रश्न त्याच्यापुढे उभा करणं आहे, याची मला जाणीव आहे. म्हणून मुकादमाला दाखवायला सहीशिक्क्याचं पत्र देतो. कधी गाडीवर बसून करायचं काम मिळतं, कधी नाही.

जेवल्यावर अर्ध्या-एक तासात पोट दुखायला लागणं, त्या भीतीने जेवण कमी होणं, वजन उतरणं, यातलं काहीही दिसलं तर पुढच्या तारखेची वाट न पाहता यायचं. सोबतच्या पिशवीत सीडी, डिस्चार्ज कार्ड आणि एक कागद असावा. त्यावर मोठ्या अक्षरात : "मेसेंटेरिक धमनीचं डिसेक्शन झालेलं आहे. पोट दुखल्यास सीटी अँजिओ करावी." ट्रॅक्टरवाल्या मामांनी तो कागद प्लॅस्टिकमध्ये घालून ट्रॅक्टरच्या टूलबॉक्समध्ये ठेवलाय, दुसरा बायकोच्या ट्रंकेत. वर्षाच्या सीटीत खोटी वाट पूर्ण मिटलेली होती.